कंपनी म्हणजे कोण? खानदेशच्या इतिहासातून एक उत्तर

आपल्या गावात देवस्थानची जमीन असेल, तर तिचा सातबारा एकदा काढून पाहा. कित्येक ठिकाणी मालकाच्या जागी मारुतीचे, विठोबाचे किंवा ग्रामदेवतेचे नाव लिहिलेले आढळते. पुजारी हा फक्त वहिवाट पाहणारा. मारुतीराय कधी तलाठ्याकडे गेले नाहीत, त्यांनी कधी सही केली नाही की अंगठा उठवला नाही. तरी जमीन त्यांची. पुजारी वारला, त्याचा मुलगा पूजेला लागला, पंच बदलले, पण मालक बदलला नाही. आपल्या न्यायालयांनी देवतेला कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती मानले आहे. तिच्या नावाने मालमत्ता राहते, तिच्या वतीने फिर्याद करता येते आणि तिच्यावर दावाही लावता येतो.

हे ज्याला समजले, त्याला कंपनी समजणे अवघड नाही. कंपनी ही अशीच कायद्याने मानलेली व्यक्ती. तिला हाडामांसाचा देह नाही, पण नाव आहे, पत्ता आहे, मालमत्ता आहे आणि कर्जही आहे. इंग्रजीत अशा संस्थेला 'कॉर्पोरेशन' म्हणतात. ज्या लॅटिन शब्दापासून हा शब्द आला, त्याचा अर्थच मुळी देह असा आहे. अनेक माणसे मिळून एक देह, अशी ती कल्पना. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे २००३ साली महानगरपालिका झाली आणि लोक 'कॉर्पोरेशन झाली' असे म्हणू लागले. आपण एस. टी. महामंडळ म्हणतो, तेही कॉर्पोरेशनच. नगरसेवक निवडून येतात आणि जातात, मंडळाचे अध्यक्ष बदलतात; पण संस्थेने केलेला करार बदलत नाही, तिने काढलेले कर्ज बुडत नाही. देह तोच राहतो.

आता व्यापारात अशा देहाची गरज का पडावी? आपल्याकडे पेढ्या होत्याच की! होत्या, आणि चांगल्या चालत होत्या. परंतु पेढीला दोन अडचणी असत. पहिली अशी, की मालक गेला की पेढी डळमळायची. भाऊबंदकी सुरू झाली, वाटणी झाली, की तीन पिढ्यांनी उभा केलेला धंदा तीन दुकानांत फुटायचा. दुसरी अडचण याहून कठीण. पेढी बुडाली, तर सावकार नुसत्या दुकानावर थांबत नसे. भागीदाराचे राहते घर, बायकोचे दागिने, दावणीचे बैल, सारे काही कर्जापोटी जाऊ शके. मग परक्या माणसाच्या धंद्यात कोण पैसा घालणार? भावाच्या, जावयाच्या, जातभाईच्या धंद्यात घालील. पण ज्याचे तोंडही पाहिले नाही, त्याच्या धंद्यात घालणार नाही. आणि सूतगिरणी, आगगाडी, मोठा कारखाना हे काही एका घराच्या भांडवलावर उभे राहत नाहीत.

कंपनीने या दोन्ही अडचणी सोडवल्या. भागधारक मेला तरी कंपनी मरत नाही. त्याचा भाग वारसाच्या नावावर होतो, एवढेच. आणि कंपनी बुडाली, तर ज्याने शंभर रुपयांचा भाग घेतला, त्याचे शंभरच रुपये बुडतात. भागाचे पंचवीसच रुपये भरले असतील, तर उरलेले पंच्याहत्तर मागता येतील. त्यापलीकडे त्याच्या घराला कोणी हात लावू शकत नाही. नावापुढे 'लिमिटेड' म्हणजे 'मर्यादित' हा शब्द असतो, त्याचा अर्थ हा. पुष्कळांना वाटते, की मर्यादित आहे ते भांडवल. तसे नव्हे. मर्यादित आहे ती भागधारकाची जबाबदारी.

परंतु येथेच एक प्रश्न उभा राहतो, आणि सारे भाषण मी त्या प्रश्नासाठीच करीत आहे. जबाबदारी मर्यादित झाली, म्हणजे ती नाहीशी झाली काय? नाही. शंभर रुपयांच्या वरचा तोटा कोणाला तरी सोसावा लागतोच. तो कोण सोसतो? खानदेशच्या इतिहासाने या प्रश्नाची वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे पाहिली आहेत.

पहिली मोठी कंपनी आपल्याकडे आली, ती आपण काढलेली नव्हती. लंडनच्या व्यापाऱ्यांनी ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथकडून सनद मिळवली आणि ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. जळगाव जिल्ह्यातले धरणगाव त्या काळी कापडाची भरभराटीची पेठ होती. १६७४ साली कंपनीने तेथे आपली वखार घातली. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव लुटले आणि वखारीलाही त्याची झळ बसली. तेव्हा ही कंपनी खानदेशात एक परदेशी गिऱ्हाईक होती, इतकेच. कापड घ्यावे, जहाजात भरावे, लंडनला विकावे, नफा वाटून घ्यावा.

पण १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तेच गिऱ्हाईक खानदेशचे धनी झाले. कंपनीचा अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि तेथे नवी वसाहत आखली. धुळ्याच्या जुन्या भागात सरळ रेषेत जाणारे रस्ते आपण पाहतो. ही आखणी राजाच्या हुकमाने झाली नव्हती, कंपनीच्या नोकराने केली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपली जुनी माणसे 'कुंपणी सरकार' म्हणत, त्यात चूक काही नव्हती. राज्य खरोखरच एका कंपनीचे होते.

आता गंमत पाहा. म्हटले तर गंमत, म्हटले तर दुःख. १८३३ साली विलायतेच्या पार्लमेंटाने कायदा करून कंपनीचा व्यापार बंद केला. व्यापार गेला, म्हणजे नफाही जायला हवा होता. पण त्याच कायद्याने असे ठरवले, की कंपनीच्या भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश मिळत राहावा आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावा. दुकान बंद, पण नफा चालू! आणि तो भरणार कोण? तर ज्याने ते दुकान कधी पाहिलेही नाही, तो शेतकरी. हिंदुस्थानच्या महसुलात खानदेशचा शेतसाराही होताच.

१८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत जमिनीच्या नव्या मोजणीविरुद्ध शेतकरी उठले. मोजणी झाली की सारा वाढणार, ही त्यांची भीती होती. सरकारने लष्कर आणून तो उठाव मोडला. त्या शेतकऱ्यांना समोर मोजणीदार दिसत होता, मामलेदार दिसत होता, फार तर कलेक्टर दिसत होता. परंतु त्यांच्या सारावसुलीतून ज्यांना दरसाल ठरलेली रक्कम जात होती, ते लंडनचे भागधारक त्यांना कधीच दिसणार नव्हते. आणि त्या भागधारकांनाही सावदा कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोघांच्या मध्ये एक देहहीन व्यक्ती उभी होती, तिचे नाव कंपनी. जबाबदारी कशी हरवते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. १८५८ साली कंपनीचे राज्य संपले, तरी लाभांश आणखी काही वर्षे चालूच राहिला. १ जून १८७४ रोजी ती कंपनी कायद्याने विसर्जित झाली.

आगगाडीची कथाही थोडी अशीच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही लंडनमध्ये स्थापन झालेली कंपनी. तिने १८६० नंतरच्या काही वर्षांत चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा लोहमार्ग टाकला. भुसावळला जंक्शन झाले, खानदेशचा कापूस मुंबईला जाऊ लागला, आणि आपल्या जिल्ह्यांचे रूपच पालटले. हा लाभ मोठा, तो नाकारू नये. पण सरकारने या कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. रेल्वेला तेवढी कमाई झाली नाही, तर तूट सरकारी तिजोरीतून भरायची. म्हणजे नफा झाला तर भागधारकाचा, तोटा झाला तर रयतेचा.

तोवर इकडे कायदाही बदलत होता. १८५० साली हिंदुस्थानात कंपन्यांची नोंदणी करण्याचा पहिला कायदा झाला आणि १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची सवलत दिली. आता सनदेसाठी राणीकडे जायला नको; काही माणसांनी एकत्र यावे, कागद करावा, नोंदणी करावी, की कंपनी जन्माला आली. हे हत्यार हाती आले आणि लगेच त्याची परीक्षाही झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, आणि लोक धंदा न पाहता नुसते शेअर घेत सुटले. युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे पैसे चुकते करायचे, तर कोणाजवळच पैसा नव्हता. मोठमोठे व्यापारी दिवाळखोर झाले. कंपनी हे साधन चांगले असले, तरी तिचा कागद म्हणजे तिचा धंदा नव्हे, हा धडा तेव्हापासूनचा आहे. दुर्दैवाने तो दर पिढीला नव्याने शिकावा लागतो.

तरी साधन टाकून द्यायचे नव्हते. ईस्ट इंडिया कंपनी विसर्जित झाली, त्याच दशकात जळगावला खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी उभी राहिली. आपल्या शिवारातला कापूस आपल्याच गावी कातायचा आणि विणायचा, ही गोष्ट साधी नव्हती. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमळनेरला मोतीलाल माणेकचंद ऊर्फ श्रीमंत प्रतापशेठ यांनी प्रताप मिल काढली. धुळ्यालाही न्यू प्रताप मिल झाली. प्रतापशेठांनी नुसती गिरणी काढली नाही. १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले, ते त्यांच्या आश्रयाने. आणि ज्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी १९२४ पासून काही वर्षे शिकवले, त्याला नाव त्यांचेच.

परंतु या गिरण्यांच्या काळाची एक उणीव सांगितली पाहिजे. त्या वेळी देशभर 'मॅनेजिंग एजन्सी' नावाची पद्धत होती. भागधारक शेकडो असले, तरी कारभार एका एजंट-पेढीकडे कराराने सोपवलेला असे. पेढीला कमिशन मिळे. कित्येक ठिकाणी ते नफ्यावर नसून विक्रीवर किंवा उत्पादनावर असे. म्हणजे भागधारकाला काही मिळो न मिळो, एजंटाचे ठरलेले. ही पद्धत सरकारने एप्रिल १९७० मध्ये कायद्याने बंद केली. पुढे आपल्याकडील गिरण्यांचे भोंगेही थांबले. कायद्याने कंपनीला मरण नाही असे आपण म्हणतो, पण धंदा चालला नाही तर तीही जाते. आणि ती जाते तेव्हा भागधारकाचे भाग जातात, कामगाराची मात्र रोजची भाकरी जाते. भागधारक आपला पैसा दहा ठिकाणी विभागून ठेवू शकतो. कामगाराला दोनच हात असतात, आणि ते एकाच गिरणीत असतात.

आता खानदेशातली सर्वांत प्रसिद्ध कंपनी. अमळनेरच्या आसपास भुईमूग चांगला पिकत असे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' या नावाची कंपनी नोंदवली आणि कारखाना अमळनेरला घातला. योगायोग असा, की प्रताप कॉलेजही याच गावात याच वर्षी सुरू झाले. कारखान्यात शेंगदाण्याच्या तेलापासून 'सनफ्लॉवर' वनस्पती तूप होई आणि '७८७' नावाचा कपडे धुण्याचा साबण निघे. कंपनीचे भाग लोकांना विक्रीस काढले, तेव्हा अमळनेरच्या लोकांनीही ते घेतले. त्यांना ही काही दूरची गोष्ट नव्हती. कारखान्याचे धुराडे त्यांना घरातून दिसत होते.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये हाशम प्रेमजी वारले. त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होते. वय एकवीस. ते शिक्षण सोडून परत आले. पेढी असती, तर कदाचित वाटणी झाली असती, नाहीतर दुकान मोडले असते. ती कंपनी होती, म्हणून चालू राहिली. भागधारकांच्या सभेत एका भागधारकाने उठून त्या तरुणाला सरळ सुनावले, की हे काम तुमच्या आवाक्यातले नाही, आपले भाग अनुभवी माणसाला विकून टाका. ही हकीकत स्वतः प्रेमजींनी पुढे सांगितलेली आहे. त्या भागधारकाचा अंदाज चुकला, हे आता आपण जाणतो. पण माझ्या मते तो गृहस्थ चुकला नाही. आपला पैसा ज्याच्या हाती आहे, त्याला भर सभेत प्रश्न विचारणे हे भागधारकाचे कामच आहे. आणि ऐकून घेणे, उत्तर कामाने देणे, हे चालकाचे.

पुढे कंपनीने नाव आटोपशीर केले, ते 'विप्रो'. १९८० च्या सुमारास ती संगणकाच्या धंद्यात शिरली आणि जगभर पसरली. २०१३ साली तिची वाटणी झाली; संगणक-सेवेचा धंदा विप्रो लिमिटेडकडे राहिला आणि साबण वगैरेंचा धंदा विप्रो एंटरप्रायझेस या वेगळ्या कंपनीकडे गेला. माणसांच्या घरात होते तशी ही वाटणी, पण कोर्टाच्या संमतीने आणि भांडणाशिवाय.

अमळनेरात ज्यांनी भाग जपून ठेवले, त्यांचे काय झाले? हे शिक्षकांना वर्गात फळ्यावर मांडता येईल. समजा, २००४ सालच्या प्रारंभी एखाद्या घरात विप्रोचे फक्त तीन भाग होते. त्या वर्षी कंपनीने एकास दोन असे बक्षीस भाग दिले. तिनाचे नऊ झाले. २००५ साली एकास एक, अठरा झाले. २०१० साली तिनास दोन, तीस झाले. २०१७ साली एकास एक, साठ. २०१९ साली तिनास एक; ऐंशी. २०२४ साली पुन्हा एकास एक, एकशे साठ. एक नवा पैसा न घालता तिनाचे एकशे साठ! मात्र मुलांना पुढचा प्रश्न जरूर विचारा: भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी वाढते काय? वाढत नाही. तुकड्यांच्या संख्येने कोणी श्रीमंत होत नाही, मागे भाकरी मोठी होत गेली तरच होतो. म्हणून नुसता बक्षिसाचा आकडा ऐकून कोणी पैसे घालू नयेत. भट्टीवर काय चालले आहे ते पाहावे. शिवाय एक अमळनेर आठवताना, ज्यांचे कागद रद्दी झाले अशा कंपन्याही आठवाव्यात. त्यांच्या कथा कोणी सांगत नाही, म्हणून त्या घडल्या नाहीत असे नव्हे.

आणखी एक गोष्ट. आपल्या मालकीच्या भागांपैकी फार मोठा वाटा प्रेमजींनी शिक्षणादी लोककार्यासाठी देऊन टाकला. २०१९ मध्ये जाहीर झाले, की विप्रोच्या सुमारे ६७ टक्के आर्थिक मालकीचा लाभ त्या कार्याकडे जातो. धरणगाव आणि अमळनेर ही गावे एकाच जिल्ह्यात, एकमेकांच्या शेजारी. एका कंपनीने येथून लाभांश नेला, दुसरीचा लाभांश सरकारी शाळांच्या कामी येतो. साधन एकच. फरक ते चालवणाऱ्यांत आणि त्यांना विचारणाऱ्यांत.

आपण म्हणाल, हे सारे शेटजींचे. आमचा काय संबंध? संबंध आता अगदी दारात आला आहे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःची 'उत्पादक कंपनी' काढता येऊ लागली. दहा शेतकरी एकत्र आले की ती नोंदवता येते. येथे एक फार मोलाचा नियम आहे. साध्या कंपनीत ज्याचे भाग जास्त, त्याची मते जास्त. शेतकरी उत्पादक कंपनीत मात्र सहकारी सोसायटीप्रमाणे प्रत्येक सभासदाला एकच मत, मग भाग एक असो की शंभर. कापूस, केळी, मका यांची एकत्र विक्री करावी, बियाणे-खते एकत्र घ्यावीत, यासाठी हे साधन चांगले आहे. २०२० पासून देशभरात दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची सरकारी योजनाही हाती घेतली गेली.

पण गावोगावी मी एक गोष्ट पाहतो. भागाचे पैसे सगळे भरतात, पावती कपाटात ठेवतात, आणि वार्षिक सभेची नोटीस आली की म्हणतात, "आपल्याला काय कळतं त्यातलं? अध्यक्ष बघतील." इथेच घात होतो, बरं का! देवस्थानच्या जमिनीचा मालक मारुती असतो, पण तो बोलत नाही. म्हणून गावाने जागे राहावे लागते. नाहीतर वहिवाटदार हळूहळू धनी होऊन बसतो. कंपनीचेही तेच. तिला तोंड नाही, डोळे नाहीत, आणि लाजही नाही. ती सभासदांनी पुरवायची असते.

तेव्हा तुमच्या गावच्या कंपनीची सभा यंदा होईल, तेव्हा जा. तीनच प्रश्न विचारा. गेल्या वर्षी आपल्या कंपनीने काय विकत घेतले आणि कोणाकडून? देणे किती आहे? आणि तोटा झाला, तर तो कोण सोसणार? ताळेबंद वाचता येत नसेल, तर गावच्या गुरुजींना बरोबर न्या; आणि गुरुजी, तुम्ही तो आधी घरी एकदा वाचून ठेवा. १८५२ साली सावद्याच्या शेतकऱ्यांना हे प्रश्न विचारायला जागाच नव्हती. आज ती जागा आहे, तारीख आणि वेळ नोटिशीत छापलेली असते.